आधी माप, मग मोल : शर्यतीची पहिली सायकल घेताना





सोयाबीनची मळणी उरकली, काहींचा ऊस तोडणीला आला. हातात चार पैसे खुळखुळू लागले की घरातील प्रत्येकाची एकेक मागणी पुढे येते. कुणाला छपराचे पत्रे बदलायचे असतात, कुणाला विहिरीवरची मोटर भरून घ्यायची असते, घरधनिणीला शिलाई यंत्र हवे असते. अलीकडे या यादीत एक नवी मागणी शिरली आहे. दहावी-बारावीतला मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला रोड बाईक पाहिजे." वडिलांना वाटते मोटारसायकल मागतोय. मग कळते की सायकलच, पण शर्यतीची. आणि तिची किंमत तीस-चाळीस हजारांपासून सुरू होते. मग घरात दोन तट पडतात. आजोबा म्हणतात, "एवढ्या पैशात गाभण कालवड दावणीला येईल." आई म्हणते, "पोर व्यसनापासून लांब राहील, घेऊन टाका."

शेतीच्या पानावर सायकल कशाला, असे कुणी विचारील. उत्तर सरळ आहे. शेतकऱ्याच्या घरातून एका खेपेला चाळीस-पन्नास हजार रुपये बाहेर जातात, तेव्हा तो शेतीचाच प्रश्न असतो. विहिरीची खोली आणि पाण्याची उपसा-उंची न मोजता पंप घेणारा जसा पस्तावतो, तसाच अंगाचे माप न घेता ही सायकल घेणारा पस्तावतो. म्हणून आज या खरेदीचा हिशेब मांडू.

ही सायकल कशी असते?

आपली काळी, दांडीची सायकल वजनाला वीस किलोच्या आसपास भरते. मागे दुधाच्या किटल्या, पुढे दांडीवर पोर, हँडलला बाजाराची पिशवी, असे ओझे वाहण्यासाठी ती घडवलेली आहे. रोड बाईक नऊ ते अकरा किलोंची असते. तिचे हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले असते, टायर अरुंद असतात, पुढे बहुधा दोन आणि मागे सात ते बारा चक्र्या असतात. कॅरिअर, स्टँड, मडगार्ड बहुधा नसतात.

खाली वाकून बसायचे ते ऐटीसाठी नव्हे. ताशी पंचवीस-तीस किलोमीटर वेग झाला की स्वाराची बहुतेक ताकद समोरची हवा ढकलण्यात जाते. अंग जितके खाली, तितका वाऱ्याचा अडथळा कमी. या सायकलीचे काम एकच : पक्क्या रस्त्यावर कमी श्रमात, वेगाने, दूरवर जाणे. वैरणीचा भारा किंवा खताची गोणी तिच्यावर लादता येणार नाही, हे घरातील सर्वांनी आधीच ध्यानात घ्यावे.

वजनाच्या मोहाबद्दलही आताच सांगतो. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमाप्रमाणे शर्यतीतली सायकल ६.८ किलोहून हलकी चालत नाही. म्हणजे जगातील मोठ्या शर्यतीतली सायकल आणि दुकानात मिळणारी दहा किलोची सायकल यांत फरक उरतो तीन-सव्वातीन किलोंचा, म्हणजे साधारण तीन लिटर पाण्याएवढा. त्या फरकासाठी काही लाख रुपये मोजले जातात. नवशिक्याने तो नाद धरू नये.

आधी गरज ओळखा

जमीन न पाहता आपण बियाणे निवडत नाही. मुलाला ही सायकल कशासाठी हवी, हे प्रथम विचारावे.

रोज आठ किलोमीटरवरच्या कॉलेजला जायचे, पाठीवर दप्तर, मधे दोन किलोमीटर कच्चा रस्ता, पावसाळ्यात चिखल, असे काम असेल तर रोड बाईक नको. सरळ हँडलची, जाड टायरची, कॅरिअर बसवता येईल अशी गिअरची सायकल घ्यावी. दुकानदार तिला हायब्रिड म्हणतात. ती स्वस्त पडते आणि घरातील इतरांच्याही कामी येते.

शर्यतीत उतरायचे असेल, तर कोणत्या शर्यतीत, हे विचारावे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन शालेय स्पर्धांची माहिती घ्यावी. काही स्पर्धांत बिगरगिअरच्या सायकलींचा गट निराळा असतो. मुलगा त्या गटात उतरणार असेल तर गिअरच्या सायकलीला पैसे घालून उपयोग काय?

शर्यत नको, पण दूर पल्ल्याची आवड आहे, असेही अनेक जण असतात. त्यांच्यासाठी ब्रेव्हे नावाचा प्रकार आहे. त्यात नंबर काढायचा नसतो. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पुरे करायचे असते. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. त्याला वेगापेक्षा चिकाटी लागते, आणि शेतावर वाढलेल्या पोरांकडे ती असते.

आता मागणी खरी की चार दिवसांची हौस, हे कसे ओळखावे? सोपा उपाय सांगतो. घरातील आहे त्या सायकलीवर तीन महिने आठवड्यातून तीन फेऱ्या मारायला सांगा. एक वही द्या. तारीख, अंतर, लागलेला वेळ एवढेच लिहायचे. तीन महिन्यांनी वही भरलेली असेल, तर पोराला नाही म्हणू नका. वही कोरी असेल, तर सायकल अडगळीत पडण्याआधीच तुमचे पैसे वाचले.

हा नाद वाया जाणारा आहे, असेही समजू नये. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' नावाची शर्यत आहे. २०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. मुंबई-पुणे सायकल शर्यत तर आपल्या घरचीच. तिच्यात बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात.

अंगाचे माप कसे घ्यावे?

आता मुख्य गोष्ट. ही सायकल चपलेसारखी मापाने घ्यावयाची असते. जू बैलाच्या खांद्याला नीट बसले नाही तर खांदा सुजतो, बैल कितीही चांगला असो. तसेच येथे आहे. फ्रेम मोठी झाली तर पाठ, मान आणि तळहात दुखतात. सीट फार खाली राहिली तर गुडघ्याची वाटी दुखू लागते. सीट फार वर गेली तर कंबर डावी-उजवी डोलते आणि गुडघ्यामागची शीर ओढली जाते. पन्नास किलोमीटरात पायडल दहा हजारांच्या आसपास वेळा फिरते. एक बोटभर चूक इतक्या वेळा सोसायची, म्हणजे गुडघ्याचे काय होईल ते तुम्हीच समजा.

माप घरी घेता येते. मुलाला अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे करा. दोन्ही पावलांत वीतभराहून थोडे कमी अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मधे धरून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढे वर दाबा. पुस्तकाची कड भिंतीला लागलेली असावी. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि खुणेपासून जमिनीपर्यंतचे अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या. याला आपण पायाचे माप म्हणू.

हे माप ०.६६ ने गुणले की आडव्या दांडीच्या फ्रेमचे ढोबळ माप निघते. उदाहरणार्थ, पायाचे माप ८० असेल तर ५३ च्या आसपासची फ्रेम. आजकाल बहुतेक सायकलींची दांडी सीटकडे उतरती असते, म्हणून प्रत्येक कंपनीचा उंचीप्रमाणे तक्ता असतो, तोही पाहावा. दोन मापांच्या मधे अडलात तर नवशिक्याने सहसा लहान माप घ्यावे. लहान फ्रेमवर सीट वर घेता येते आणि हँडलचा जोड लांब बसवता येतो. मोठी फ्रेम कापून लहान करता येत नाही.

सीटची उंची काढायला तेच माप ०.८८ ने गुणावे. पायडलच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर ठेवून सुरुवात करावी. पडताळा असा : सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सर्वांत खाली नेले, तर पाय सरळ व्हावा, कंबर झुकू नये. मग प्रत्यक्ष चालवताना पावलाचा चवडा पायडलवर असतो, तेव्हा गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो.

दुकानात दांडीवरून पाय टाकून दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकवून उभे राहावे. दांडी आणि जांघ यांत दोन-तीन सेंटीमीटर तरी मोकळी जागा हवी. नंतर किमान दहा मिनिटे सायकल चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हात कोपरात किंचित वाकलेले राहिले पाहिजेत. हँडल धरायला खांदे ताणावे लागत असतील, तर ती सायकल तुमची नव्हे.

आपल्याकडे वाढत्या अंगाचा सदरा शिवायची रीत आहे. सदऱ्याला ते चालते, सायकलीला चालत नाही. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा झपाट्याने वाढत असेल, तर एक वर्ष थांबावे, किंवा आजच्या मापाची जुनी सायकल घेऊन पुढे ती विकावी.

एका ताईंचे पत्र

याच संदर्भात सांगली जिल्ह्यातील एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी सोळा वर्षांची, उंची पाच फूट दोन इंच. साध्या सायकलीवर तिने तालुक्याच्या शर्यतीत नंबर काढला. ताईंनी दोन वर्षे डेअरीला दूध घालून पस्तीस हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. मुंबईचे धाकटे दीर म्हणतात, त्यांच्या ओळखीच्या गृहस्थांची कार्बनची, थोडीच वापरलेली सायकल तेवढ्याच पैशात मिळते. नवी लाखाच्या पुढे आहे. माप ५६. मुलगी हरखली आहे. घरची सगळी म्हणतात, अशी संधी सोडू नका. ताई विचारतात, "माप मोठे असले तर उंची वाढेलच की. भाऊजींचा शब्द कसा मोडू?"

ताई, ही सायकल घेऊ नका.

पाच फूट दोन इंच म्हणजे सुमारे १५७ सेंटीमीटर. या उंचीला पायाचे माप साधारण ७२ निघेल. तुम्ही वर सांगितल्याप्रमाणे मोजून खात्री करा. ७२ ला ०.६६ ने गुणले की साडेसत्तेचाळीस येतात. म्हणजे ४८ च्या आसपासची फ्रेम हवी. ५६ च्या आडव्या दांडीच्या सायकलीची दांडीच जमिनीपासून ८० सेंटीमीटरच्या आसपास असते. तुमच्या लेकीचे पाय ७२. घाटात एकदम ब्रेक दाबून उतरायची वेळ आली तर तिची पावले जमिनीला टेकणारच नाहीत. दांडी उतरती असेल तर पावले टेकतीलही, पण हँडल चार सेंटीमीटरच्या आसपास लांब पडेल. हँडलचा जोड बदलून त्यातले थोडेसेच भरून निघते, आणि तेही सायकलीचा तोल बिघडवून. सोळा वर्षांनंतर मुलींची उंची सहसा फारशी वाढत नाही, म्हणून वाढीची आशा धरू नये.

भाऊजींचा मान ठेवण्याचा मार्ग सोपा आहे. त्यांना नाही म्हणू नका, माप कळवा. लिहा, "भाऊजी, लेकीचे माप ४८ आहे. मुंबईत ४८ ची किंवा त्या तक्त्यातली चांगली सायकल मिळाली तर आवर्जून पाहा." त्यांची मायाही कामी येईल आणि तुमचे पैसेही. जी सायकल लाखाची असून अंगाला बसत नाही, ती तुमच्या लेकीला पस्तीस हजारांनाही महाग आहे.

आणखी एक गोष्ट आयांसाठी. मुलींसाठी दांडी नसलेली लेडीज सायकलच हवी, हा समज सोडावा. माप बरोबर असले की दांडीची सायकल मुलींना उत्तम चालते. सीट मात्र नीट पाहावी. मुलींच्या बैठकीची हाडे सहसा जास्त रुंद असतात, त्यामुळे सायकलीबरोबर आलेली अरुंद सीट टोचू शकते. मुली हे संकोचाने सांगत नाहीत. आईने स्वतः विचारावे आणि गरज पडल्यास सीट बदलून घ्यावी. हा खर्च अनाठायी नव्हे.

रस्ता पाहून टायर

अंगाच्या मापानंतर रस्त्याचे माप. शहरातील मित्र २३ किंवा २५ चे बारीक टायर सांगतील. आपल्या गावच्या रस्त्यावर खडी उखडलेली असते, ऊसवाहतुकीने कडा तुटलेल्या असतात, बांधाकडेला बाभळीचे काटे असतात. येथे २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर बरे. फ्रेम आणि टायर यांत बोट जाईल एवढी जागा असावी. नाही तर काळ्या रानातला चिखल तेथे अडकून चाकच जाम होते. घेण्यापूर्वी विचारा, "यात ३२ चा टायर बसेल का?"

टायरवर ७०० × २८ असे लिहिलेले असते. हा आणि आपल्या काळ्या सायकलीचा २८ × १½ चा टायर एकच, असे समजू नये. पहिल्याच्या रिमवर बसण्याचा व्यास ६२२ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६३५. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. गावच्या दुकानात तो मिळेलच असे नाही, म्हणून दोन ट्यूब घरात ठेवाव्यात. हिचा व्हॉल्व्हही बहुधा बारीक, लांब नळीचा असतो. त्यावर चढवायचे लहान पितळी टोपण मिळते. ते असले की नेहमीच्या पंपाने हवा भरता येते. साठ किलोच्या स्वाराने २८ च्या टायरला ६० ते ७० पौंड हवेपासून सुरुवात करावी आणि टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा ओलांडू नये.

ब्रेक दोन तऱ्हेचे. रिमवर दाबणारे ब्रेक स्वस्त, हलके, आणि गावचा मेकॅनिकही दुरुस्त करील असे. डिस्क ब्रेक पावसात आणि चिखलात अधिक भरवशाचे. कोकण, मावळ, महाबळेश्वर अशा जोराच्या पावसाच्या घाटभागात राहत असाल तर डिस्क घ्यावे, शक्यतो तारेचे. तेलाचे ब्रेक उत्तम असतात, पण त्यांची दुरुस्ती तालुक्याच्या गावीही मिळणे कठीण. कोरड्या मुलखात चांगले रिम ब्रेक पुरतात.

दात्यांचा हिशेब

गिअरची संख्या ऐकून दबून जाऊ नये. पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्रीचे दाते, गुणिले चाकाचा घेर, एवढाच हिशेब आहे. तुमच्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. रोड बाईकला पुढे ५० व ३४ दात्यांची दोन चक्रे आणि मागे ११ पासून ३२ दात्यांपर्यंतच्या चक्र्या असतील, तर सर्वांत हलक्या गिअरला एका फेऱ्यात ती सव्वादोन मीटर जाते आणि सर्वांत जड गिअरला साडेनऊ मीटरहून थोडे अधिक. सव्वादोन मीटरच्या गिअरने पसरणीचा किंवा खंबाटकीचा घाट बसूनच चढता येतो.

म्हणून गिअर किती, यापेक्षा सर्वांत मोठी मागची चक्री किती दात्यांची, हे विचारा. घाटाच्या मुलखात ३२ किंवा ३४ हवी. सपाट मुलखात २८ चालते. गिअरच्या सामानात शिमानो या जपानी कंपनीची नावे अधिक दिसतात. चढत्या क्रमाने टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा आणि पुढे एकशेपाच. मनापासून सायकल चालवणाऱ्या नवशिक्याला आठ चक्र्यांचे क्लॅरिस किंवा नऊ चक्र्यांचे सोरा भरपूर झाले. त्यांची चेन आणि चक्र्याही तुलनेने स्वस्त मिळतात.

पैशाची वाटणी

फ्रेम पोलादाची, ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची असते. पोलाद जड पण चिवट. ॲल्युमिनियम हलके आणि परवडणारे. कार्बन सर्वांत हलका, पण जोराने आपटला तर आत तडा जाऊन वरून दिसत नाही. पहिल्या सायकलीला ॲल्युमिनियमची फ्रेम आणि पुढचा चिमटा कार्बनचा किंवा पोलादाचा असला की पुरे.

ठरवलेली सगळी रक्कम सायकलीत घालू नये. दर शंभर रुपयांतील ऐंशी सायकलीला आणि वीस सामानाला ठेवावेत. त्यात हेल्मेट, पुढचा आणि मागचा दिवा, पंप, ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, ॲलन पान्यांचा जोड, गादीची विजार आणि कुलूप हे सगळे बसले पाहिजे. पैसे कमी पडत असतील तर सायकल एक पायरी खालची घ्या, हेल्मेट मात्र सोडू नका. पक्के बिल घ्या. सायकलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला आहे. बिलावर तोच दर लागला आहे ना, ते पाहा. फ्रेमच्या बुडाशी कोरलेला नंबर बिलावर लिहून घ्या.

विस्तार अधिकारी म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. पीककर्जाचा पैसा सायकलीत घालू नका. ते कर्ज बियाणे-खतासाठी आहे आणि हंगाम संपला की फेडायचे आहे. दुधाचे, शेळीचे, परसातल्या कोंबड्यांचे साठलेले पैसे असतील तर जरूर घाला. पोराने सुट्टीत काम करून चार-पाच हजारांची भर घातली, तर ती सायकल तो दुप्पट जपेल.

जुनी घेताना

जुनी सायकल घेण्यात कमीपणा नाही. मात्र बैल घेताना दात आणि चाल पाहतो, तशी ही पाहावी. हँडलखालच्या जोडाशी आणि पायडलच्या आसाशी रंगाला बारीक चीर आहे का, ते उन्हात धरून पाहा. चीर असेल तर सौदा मोडा. चाक उचलून फिरवा. डोलत असेल तर किंचित आऊट काढता येतो, पण रिम वाकली असेल तर नवे चाक लागेल. पायडलची दांडी धरून आडवी हलवा. खटखटली तर बेअरिंग गेले. सीटची नळी वर-खाली होते का पाहा. गंजून अडकली असेल तर सीट तुमच्या मापाला येणारच नाही. मूळ बिल नसेल आणि विकणारा नीट सांगत नसेल, तर ती चोरीचीही असू शकते. मोहात पडू नका.

घरी आणल्यावर

सायकल खताच्या गोण्यांशेजारी ठेवू नये. युरिया आणि इतर खते दमट हवेत ओल धरतात आणि चेन, स्पोक, ॲल्युमिनियम यांना खातात. फवारणीच्या एचटीपी पंपाने तिला धुऊ नये. पाण्याच्या दाबाने बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते. ओल्या फडक्याने पुसणे पुरे. चेनला दर पंधरा दिवसांनी, आणि पावसात भिजल्यास त्याच दिवशी, पुसून एकेक थेंब तेल द्यावे आणि वरचे तेल पुन्हा पुसून घ्यावे. नाही तर धूळ चिकटून घासकागद होतो.

चेन झिजली का, हे फुटपट्टीने कळते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनीत बरोबर बारा इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो अर्धा सूत पुढे सरकला असेल तर चेन बदला. पूर्ण सूत सरकेपर्यंत थांबलात, तर मागच्या चक्र्याही बदलाव्या लागतात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

रस्त्यावर

पहिल्या आठवड्यात वीस किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. नंतर दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. गाळप हंगामात पहाटे आणि संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने असतात. कित्येकींना मागे दिवा नसतो. अशा वेळी सायकल घरी ठेवलेली बरी, आणि निघालाच तर दोन्ही दिवे लावून, डाव्या बाजूने. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलीला बंदी आहे, तेथे जाऊ नये. महागड्या पुड्यांची गरज नाही. तासाभराच्या पुढच्या फेरीला केळी, शेंगदाणे-गुळाचा लाडू आणि चिमूटभर मीठ घातलेले लिंबूपाणी उत्तम. गुडघा, मनगट किंवा मान दोन आठवडे सतत दुखत राहिली, तर ताकद कमी आहे असे म्हणून दामटू नका. सीट आणि हँडलचे माप पुन्हा तपासा.

तेव्हा या आठवड्यात बाजाराला जायच्या आधी एवढेच करा. पोराला भिंतीला उभे करून माप घ्या. गावापासून पक्क्या सडकेपर्यंतचा रस्ता कसा आहे, ते लिहा. घरात खरोखर मोकळे पैसे किती आहेत, ते लिहा. हे तीन आकडे एका कागदावर मांडून तो कागद खिशात घाला आणि मगच दुकानाची पायरी चढा. दुकानदाराने काहीही दाखवले, पाहुण्यांनी काहीही सुचवले, तरी त्या कागदाशी ताडून पाहा. कागदाला जी सायकल जुळेल, ती घ्या. एकही जुळली नाही तर एसटीने रिकाम्या हाताने परत या. पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येईल.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळी आणि कामगंध सापळे यांविषयी.

— तुमचा विस्तार अधिकारी